भांडण थांबले तेव्हा

अकरा वर्षे मी यंत्रांच्या वापर-पुस्तिका लिहिण्याचे काम केले. यंत्राबरोबर खोक्यातून येणारी आणि बहुतेक वेळा न उघडताच कपाटात जाणारी ती जाड पुस्तिका कोणीतरी लिहिलेली असते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येऊ नये इतकी ती साधी असावी असाच आमचा प्रयत्न असे. या कामात जे थोडे नियम कोणत्याही परिस्थितीत मोडायचे नसतात, त्यांतला पहिला असा की धोक्याचा इशारा कृतीच्या आधी द्यायचा, नंतर कधीही नाही. माणूस पुस्तिका कादंबरीसारखी सलग वाचत नाही. एका हातात पाना धरून तो एक ओळ वाचतो, तेवढी कृती करतो आणि मग पुढच्या ओळीकडे वळतो. ‘टाकीच्या तळाचा प्लग काढा’ असे सहाव्या पायरीत लिहिले आणि त्याखाली ‘सावधान! प्लग काढण्यापूर्वी टाकीतील दाब शून्यावर आल्याची दाबमापकावर खात्री करा’ असे छापले, तर तो इशारा वाचायला समोरचा माणूस धड उरलेला असेलच असे सांगता येत नाही.

एका मंगळवारी चाचणी विभागातले ज्येष्ठ फिटर माझ्या टेबलापाशी आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. पुस्तिकेतली प्रत्येक पायरी प्रत्यक्ष यंत्रावर करून पाहणे हे त्यांचे काम होते आणि माझे लिखाण ते गेली नऊ वर्षे ओळीओळीने हाताळत आले होते. त्यांच्या हातात कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेचा मसुदा होता, एका पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि समासात ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. त्यांनी ते पान माझ्यापुढे ठेवले. चुकीवर बोट ठेवले नाही, की पेनाने खूणही केली नव्हती. नुसते विचारले, “मॅडम, हे तुम्ही वाचलं होतं का?”

वाचले होते. पानाच्या तळाशी माझी सही होती. चूक नजरेतून सुटली असती तर मी ओशाळले असते, दुरुस्ती केली असती आणि विषय तिथेच संपला असता. पण ती सुटलेली नव्हती. आदल्या गुरुवारी ते पान तपासताना ती मला स्वच्छ दिसली होती. मांडणीच्या नव्या साच्यात इशारे आपोआप पायरीच्या खाली जातात, तो साचा बदलून घ्यायचा तर तीन जणांना मेल लिहावे लागतील, त्यांतला एक उत्तर देणार नाही, दुसरा ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणेल आणि तिसरा पहिल्या दोघांकडे बोट दाखवेल, हा सगळा हिशेब डोक्यात अर्ध्या मिनिटात झाला होता आणि मी पान उलटले होते. काकांना मी म्हटले, “वाचलं होतं.” त्यांनी मान हलवली. “तेच म्हटलं,” एवढेच बोलून ते परत गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

नोकरी सोडण्याची वेळ आली आहे हे मला त्या मंगळवारी कळले, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. त्या दिवशी फक्त एवढे झाले की मी टेबलाच्या खालच्या खणातली एक वही बाहेर काढली.

ही वही मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सुरू केली होती. तिच्यात पाच रकाने आखलेले होते : तारीख, पान, दोष, कोणाला सांगितले, काय झाले. आराखडा आणि मजकूर यांचा मेळ बसत नसेल, पायऱ्यांचा क्रम उलटा असेल, एखादा सुटा भाग नव्या यंत्रात नसूनही जुन्या पुस्तिकेतून तसाच उचलला गेला असेल, तर त्याची नोंद या वहीत व्हायची आणि मग मी ती घेऊन संबंधित माणसाच्या डोक्यावर जाऊन बसायचे. पहिल्या वर्षी ९६ नोंदी होत्या. दुसऱ्या वर्षी त्याहून अधिक, कारण तोवर मला यंत्रे थोडी कळू लागली होती. त्या वर्षांचा पाचवा रकाना वाचण्यासारखा आहे. त्यात ‘मान्य’, ‘अमान्य, पण कारण पटले’, ‘अमान्य, कारण पटले नाही, पुन्हा विचारणार’ अशा नोंदी आहेत, आणि एके ठिकाणी तर ‘आवाज चढला, दोघांचाही’ असेही लिहिलेले आहे. पुढे सातव्या-आठव्या वर्षापासून त्या रकान्यात एकच शब्द जास्त दिसू लागतो : ‘बघू’. हा माझा शब्द नव्हे; समोरच्याने दिलेले उत्तर मी इमानाने उतरवून घेत होते. पाने उलटत जावे तसा ‘बघू’ वाढत जातो, नोंदी विरळ होत जातात, आणि त्या मंगळवारच्या मागे मोजले तर शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. पुढे सगळी पाने कोरी.

या चौदा महिन्यांत पुस्तिका निर्दोष झाल्या होत्या असे अर्थातच नव्हते. मधल्या काळातल्या तीन पुस्तिका मी कपाटातून काढून सहज चाळल्या, तर पहिल्या तासातच सात-आठ दोष हाती लागले. ते तेव्हाही मला दिसले असणार. मी लिहायचे थांबवले होते, आणि थांबवल्याचे माझे मलाच कळले नव्हते.

नोकरी सोडण्याविषयी आपल्याकडे जे सल्ले दिले जातात त्यांत भांडणाला फार वाईट नाव आहे. वरिष्ठांशी खटके उडू लागले, बैठकीत आवाज चढू लागला, घरी आल्यावरही ऑफिसचाच संताप बाहेर पडू लागला, की ‘आता तिथून निघ’ असे सांगणारे चार जण भेटतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्या वर्षांत मी सर्वांत जास्त भांडले ती माझ्या नोकरीची सर्वांत चांगली वर्षे होती. माणूस भांडतो तेव्हा आपले म्हणणे ऐकले जाईल, निदान ऐकले जायला हवे, असे त्याने धरलेले असते. ज्या घराशी काही देणेघेणे उरलेले नाही त्या घराच्या गळक्या छपरावरून कोणी भांडत नाही.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या गोष्टीला एक सुटसुटीत चौकट दिली. एखादी संस्था घसरणीला लागली की तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात, असे त्याचे म्हणणे : निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि या दोहोंतली कोणती वाट किती काळ धरली जाईल, ते त्या माणसाच्या निष्ठेवर ठरते. हा विचार त्याला नायजेरियातल्या रेल्वेकडे पाहून सुचला होता. तिथे मालमोटारींची स्पर्धा सुरू होऊनही रेल्वे सुधारत नव्हती, आणि त्याचे एक कारण असे की ज्या गिऱ्हाइकांनी तक्रारी करून रेल्वेला भंडावून सोडले असते, तेच आधी उठून मोटारींकडे निघून गेले होते. मला या विचारातला निष्ठेचा भाग फार आवडतो. निष्ठा म्हणजे तोंड मिटून बसणे असा अर्थ आपल्या ऑफिसांत रूढ झाला आहे. हर्शमनच्या मांडणीत मात्र निष्ठावान माणूस निघून जाणे लांबणीवर टाकतो आणि राहून बोलत राहतो.

पुढे १९८० च्या दशकात कॅरिल रसबुल्ट आणि डॅन फॅरेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हीच चौकट नोकरीतल्या असमाधानाला लावून पाहिली, तेव्हा त्यांना चौथा रकाना आखावा लागला. काही माणसे जात नाहीत, बोलत नाहीत आणि निष्ठेने परिस्थिती सुधारण्याची वाटही पाहत नाहीत. ती जागेवरच असतात, पण कामातून मन काढून घेतात. उशिरा येतात, चुका करतात, चुका चालवून घेतात. अभ्यासकांनी त्याला दुर्लक्ष म्हटले. आपल्याकडे त्यासाठी केव्हाचा शब्द आहे : पाट्या टाकणे. पाटी उचलली जाते, टाकलीही जाते, मजुरीही मिळते, फक्त पाटीत काय आहे आणि ती कुठे पडते आहे याच्याशी टाकणाऱ्याचा काही संबंध उरलेला नसतो. दहा वर्षे मी हा शब्द इतरांसाठी, तोही नाक मुरडून, वापरत आले होते. वहीची कोरी पाने समोर असताना तो स्वतःला लावून पाहिला, तर चपखल बसला.

तरीही मी लगेच राजीनामा लिहिला नाही, आणि ते बरेच झाले. मला आधी हे पाहायचे होते की ही नुसती दमणूक तर नाही. थकलेला माणूसही कानाडोळा करतो, आणि थकवा हे नोकरी सोडण्याचे कारण असेलच असे नाही. कित्येकदा ते फक्त झोपण्याचे कारण असते. मी दोन आठवड्यांची रजा घेतली. रजेत छान वाटले, पण रजेत छान वाटणे हा कसलाच पुरावा नव्हे, हेही मला ठाऊक होते. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन यांनी १९९७ मध्ये ७६ कारकुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रजेच्या आधी, रजेत आणि रजेनंतर त्यांनी या लोकांची मानसिक दमछाक मोजली. रजेत ती उतरली, कामावर परतल्यानंतर तिसऱ्याच दिवशी थोडी वर सरकली आणि तीन आठवड्यांत मूळ जागी येऊन बसली. म्हणून मी रजेकडे न पाहता त्यानंतरच्या तीन आठवड्यांकडे पाहिले. शरीर ताजे होते, झोप पुरती होत होती, संध्याकाळी घरी येऊन वाचण्याइतके डोके शिल्लक राहत होते. आणि त्या मंगळवारची एक नोंद सोडली तर वहीची पाने कोरीच होती.

दमछाकीच्या अभ्यासात क्रिस्तिना मास्लाक यांचे नाव प्रमुख आहे. त्यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये ती मोजण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात थकवा हा तीन भागांपैकी फक्त एक आहे. दुसरा भाग कामाविषयी आणि ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांच्याविषयी येणाऱ्या कोरडेपणाचा आणि तिसरा आपल्या हातून काही धड होत नाही या भावनेचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दमछाकीचे वर्णन करताना हेच तीन भाग सांगितले, आणि तिला रोग न म्हणता कामाच्या संदर्भातच उद्भवणारी अवस्था म्हटले. माझा पहिला भाग रजेने भरून निघाला होता. दुसरा भाग जिथल्या तिथे होता, आणि तो रजेने भरत नाही. कारण तो शक्ती संपल्याने आलेला नसतो, अपेक्षा संपल्याने आलेला असतो.

रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो म्हणून नोकरी सोडावी, या मताची मी नाही. तो गोळा मला शाळेतही यायचा आणि शाळा मला आवडायची. एखादा वरिष्ठ डोक्यात जातो, पगारवाढ अपेक्षेहून कमी झाली, बरोबरीचा सहकारी पुढे गेला, या गोष्टी त्या त्या आठवड्यात आभाळाएवढ्या वाटतात आणि वर्षभराने आठवतही नाहीत. उलट जिथे अपमान रोजचा झाला आहे, पगार थकवला जातो आहे, खोट्यावर सही मागितली जाते आहे किंवा काम करता करता शरीर मोडते आहे, तिथे वही, रकाने आणि तीन आठवड्यांचे निरीक्षण ही चैन आहे. तिथून शक्य होईल त्या दिवशी निघावे. ज्यांच्या एका पगारावर घरातली चार माणसे आणि एखादे कर्ज उभे आहे, त्यांना ‘मनाचा कौल घ्या’ असे सांगण्याचा निर्लज्जपणाही मी करणार नाही. वेळ झाली आहे हे ओळखणे आणि निघता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधले अंतर पार करायला कधी कधी दोन-तीन वर्षे बचत करावी लागते. पण ज्याने ते ओळखलेले असते तो ती वर्षे निराळ्या रीतीने काढतो, एवढे मी पाहिले आहे.

माझ्यापुढे अशी अडचण नव्हती. तरी चौदा महिने मी काय करत होते?

एक म्हणजे मी वर्षे मोजत होते. अकरा हा आकडा माझ्या तोंडी सारखा येई, जणू ती वर्षे कुठेतरी जमा आहेत आणि मी निघाले तर बुडतील. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोघांचा १९८५ चा एक प्रयोग मला इथे नेहमी आठवतो. एका नाट्यगृहाची वर्षभराच्या प्रयोगांची तिकिटे घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना त्यांनी ती पूर्ण किमतीत दिली आणि काहींना, कोणताही निकष न लावता, सवलतीत. नाटके तीच, आसने तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. पैसे तर दोघांचेही गेलेलेच होते. ज्याचे जास्त गेले होते तो ते वसूल करायला येत राहिला. मीही रोज सकाळी नऊला अकरा वर्षे वसूल करायला जात होते. हे कळल्यावरही ते थांबत नाही, ही त्यातली गंमत. आपण चुकीचा हिशेब करतो आहोत हे ठाऊक असतानाही माणूस तो हिशेब मोठ्या निष्ठेने पुरा करतो.

दुसरे कारण सांगायला मला थोडा संकोच वाटतो. मला तिथे मान होता. नवीन आलेल्यांना माझ्याकडे पाठवले जाई, अडलेल्या गोष्टी माझ्याकडे येत, कोणती जुनी फाइल कोणत्या कपाटात आहे हे फक्त मला ठाऊक होते. दुसरीकडे गेल्यावर मी कोणीच नसणार होते. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही म्हण त्या दिवसांत मी स्वतःला इतक्यांदा ऐकवली की तिच्यातले हातचे म्हणजे नेमके काय, हे विचारायचे राहूनच गेले. हातात होते ते काम नव्हते. फाइली कुठे आहेत याची माहिती होती.

मंगळवारनंतरही मी कदाचित आणखी वर्ष काढले असते. पण त्याच महिन्यात आमच्या विभागात आलेल्या शिकाऊ मुलीशी माझे जे बोलणे झाले, ते मला अजून नीट विसरता आलेले नाही. चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली, कामाला चोख आणि प्रश्न विचारायला न घाबरणारी मुलगी. ती एका दुसऱ्या यंत्राची पुस्तिका घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, इथेसुद्धा इशारा पायरीच्या खाली गेलाय. मी साचावाल्यांना मेल करू का?” आणि मी मान वरही न करता म्हटले, “राहू दे. इथं असंच असतं.”

ती “बरं” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. दोन मिनिटांनी मी मान वर केली तेव्हा ती पुढचे पान तपासत होती.

स्वतः पाट्या टाकणे एक वेळ माणूस स्वतःला माफ करू शकतो. दुसऱ्याच्या हातात पाटी देऊन ती कशी टाकायची हे शिकवणे ही निराळी गोष्ट झाली. पहिल्या वर्षी मला कोणी ‘इथं असंच असतं’ असे सांगितले असते तर वहीच्या त्या ९६ नोंदी झाल्याच नसत्या. आणि माझ्या वेळच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने मला तसे सांगितले नव्हते, उलट साचावाल्यांच्या खोलीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला होता. आता त्याच्या जागी मी होते, आणि मी खुर्चीतून उठलेही नव्हते. मी तिला हाक मारून परत बोलावले आणि मेल करायला सांगितले. पण आधी दिलेले उत्तर जास्त खरे होते आणि ते आम्हा दोघींनाही कळलेले होते.

त्या आठवड्यात मी माझ्या वरिष्ठांची वेळ मागून घेतली. ते सज्जन गृहस्थ होते आणि आहेत. मी त्यांच्यापुढे तीनच गोष्टी ठेवल्या : इशाऱ्यांसाठी साचा बदलावा, चाचणीत काकांनी दाखवलेला दोष दुरुस्त झाल्याशिवाय पुस्तिका छपाईला जाऊ नये, आणि या दोन गोष्टींबाबत शेवटचा शब्द कोणाचा हे ठरवावे, तो माझा नसला तरी चालेल. पगाराचा विषय मी काढला नाही, कारण पगाराची माझी तक्रारच नव्हती, आणि ज्याची तक्रार नाही ते वाढवून मिळाले तर आपण आणखी अडकतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, एका कागदावर टिपून घेतले, आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, “तुमचं म्हणणं रास्त आहे. बघू.”

मला त्या क्षणी रागही आला नाही, दुःखही झाले नाही. मनात एवढेच आले की हा शब्द वहीत उतरवून घ्यायला हवा.

स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने केलेला एक प्रयोग पुष्कळांनी ऐकला असेल. मोठ्या निर्णयापाशी अडलेल्या लोकांनी यावे आणि संगणकावर नाणे उडवावे, अशी त्याने सोय केली होती. २०,००० हून अधिक वेळा ते नाणे उडवले गेले. नोकरी सोडावी का, नाते तोडावे का, अशा प्रश्नांवर नाण्याने ‘बदल करा’ असा कौल दिला तर लोक खरोखरच बदल करण्याकडे जास्त झुकले, आणि बदल करणारे लोक सहा महिन्यांनी, न करणाऱ्यांच्या तुलनेत, जास्त समाधानी असल्याचे आढळले. हा निष्कर्ष हल्ली ‘सोडा आणि सुखी व्हा’ अशा थाटात सांगितला जातो, ते मला पटत नाही. त्या प्रयोगात वाटेवरून जाणाऱ्या कोणालाही हाताला धरून आणलेले नव्हते. ज्यांचे मन आधीच इतके दोलायमान झाले होते की परक्या नाण्यालाही विचारायची त्यांची तयारी झाली, तेच तिथे आले होते. माझ्या मते खरा कौल नाणे खाली पडण्याच्या पुष्कळ आधी लागलेला असतो. मी नाणे उडवले नाही. पण त्या दिवसांत कोणीही नोकरी सोडल्याची बातमी सांगितली की ‘कशी सोडली’, ‘पहिले कोणाला सांगितलेस’, ‘त्या रात्री झोप लागली का’ असे बारीक बारीक प्रश्न मी विचारत असे, आणि ‘का सोडली’ हा प्रश्न मात्र कधी विचारत नसे.

राजीनामा चार ओळींचा होता. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईने त्याचे सात मसुदे केले, हे इथे कबूल करते. पहिल्या मसुद्यात सगळी कारणे होती आणि तो दीड पानांचा होता. सातव्यात तारीख, पद, नोटीसचा साठ दिवसांचा काळ आणि आभार एवढेच राहिले.

आणि मग जे झाले त्याचा नीट उलगडा मला अजून झालेला नाही. राजीनामा दिल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात मी वहीत नोंद केली. एका पंपाच्या पुस्तिकेत आराखड्यातले क्रमांक आणि मजकुरातले क्रमांक जुळत नव्हते. मी उठून आराखडे काढणाऱ्या विभागात गेले, तिथल्या तरुण अभियंत्याशी तावातावाने बोलले, परत आले आणि पाचव्या रकान्यात ‘मान्य’ असे लिहिले. साठ दिवसांत अशा २३ नोंदी झाल्या, म्हणजे आधीच्या दोन वर्षांत मिळून झाल्या नसतील तितक्या. बैठकांत मी पुन्हा बोलू लागले. एकदा आवाजही चढला. संध्याकाळी घरी जाताना वाटे, अगं, हे तर तुझे तेच काम आहे, तुला आवडणारे, आणि ते सोडून तू निघालीस कुठे? एका रात्री तर राजीनामा मागे घेण्याचा मेल लिहून ठेवला होता. तो पाठवला नाही.

न पाठवण्याचे कारण असे की दुसऱ्या दिवशी मी त्या नव्या नोंदी पुन्हा नीट वाचल्या. हर्शमनने म्हटलेच होते की निघून जाण्याची शक्यता खरी असली की आवाजाला वजन येते. माझ्या बोलण्याला ते वजन आलेले होते, आणि जाणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याचा संकोचही लोकांना वाटत असावा. पण त्याहून मोठी गोष्ट वहीतच दिसत होती : २३ पैकी एकाही नोंदीत मी ‘पुन्हा विचारणार’ असे लिहिलेले नव्हते. जिथे ‘अमान्य’ होते तिथे नुसते ‘अमान्य’ होते. राहणाऱ्या माणसाचे भांडण दुसऱ्या दिवशी पुढे चालू होते, आणि माझे प्रत्येक भांडण त्या त्या संध्याकाळी संपत होते. ते मोकळेपणाचे दिवस होते आणि मोकळेपणाला मी ओढ समजत होते, असे आज मला वाटते. कदाचित मी हे माझ्या सोयीने वाचत असेन. दुसऱ्या कोणी ती वही वाचली तर त्याला काही वेगळेही दिसू शकेल.

शेवटच्या आठवड्यात कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेची छपाईपूर्व प्रत आली. त्या एका पानावर साचा मोडून, हाताने मांडणी करून, इशारा सहाव्या पायरीच्या वर आणलेला होता. बाकीच्या पुस्तिकांत साचा तसाच होता. काका ती प्रत तपासून झाल्यावर मला दाखवायला आले आणि या वेळी मात्र त्यांनी ओळीवर बोट ठेवले. मी वहीत मागे जाऊन त्या मंगळवारची नोंद काढली. ती मी त्या दिवशीच केली होती, फक्त ‘कोणाला सांगितले’ या रकान्यात ‘काकांनी मला’ असे लिहिले होते. तिच्यापुढे ‘मान्य, एक पान’ असे लिहिले.

टेबल आवरताना ती शिकाऊ मुलगी येऊन उभी राहिली आणि वही मागू लागली. मी दिली नाही. ती माझी भांडणे होती, आणि त्यातली निम्मी आता या जगात नसलेल्या यंत्रांबद्दलची होती. तिला याचे फारसे वाईट वाटल्याचे दिसले नाही, कारण तिच्या हातात एक नवी कोरी वही होती आणि पहिल्या पानावर पट्टीने रेघा मारून झालेल्या होत्या.

“मॅडम, पाचव्या रकान्याला थोडी जास्त जागा सोडू का?” तिने विचारले.

“चौथ्याला सोड,” मी म्हटले, “एकालाच सांगून भागत नाही.”